जास्तीचा रकाना

झोम्बाच्या बाजारामागे, पत्र्याखाली,
टायरट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून
आम्ही त्यावर यंत्रांची यादी करतोय:
मी, लिंबिकानी, आणि त्याची भाची तियामिके,
जी ब्लांटायरला दोन वर्षं कॉम्प्युटर शिकून आलीय
आणि बोलताना हवेतच टाइप करते.

सायकली चाळीस.
हातात सव्वीस, बाकीच्या बेइराच्या बंदरात
कंटेनरमध्ये अंधारात उभ्या,
कुणाच्या तरी सहीची वाट बघत.

भाड्याची नोंद कशात ठेवता? ती विचारते.
लिंबिकानी हनुवटीनं भिंत दाखवतो.
खडूच्या रेघा. सुकी मासळी विकणारी येलासी: सात.
पाद्र्याचा मुलगा: तीन, त्यातली एक पुसट,
कारण तिथं कुणीतरी पाठ टेकली होती.

ती हसत नाही. हे मला आवडतं.
लिहिते: लॅपटॉप एक. जुना चालेल, बॅटरी मात्र नवी.
फोन दोन. एक पैसे घ्यायला,
एक हरवायला, मी म्हणते,
आणि ती तसंच लिहून घेते.
छपरावर सोलर पॅनल, कारण वीज दुपारी तीनला जाते
आणि परत कधी येईल ते तिचं तिलाच ठाऊक.

ट्रॅकर? चाळीस सायकलींना चाळीस?
एकाची किंमत ऐकून लिंबिकानी
समोरच्या चाकाचे स्पोक मोजू लागतो.
छत्तीस असतात. तरी मोजतो.
शेवटी पाचांवर तुटतं,
आणि कुठल्या पाच, ते कुणाला सांगायचं नाही.
शक्य असतं तर, तियामिके म्हणते,
आपल्यालासुद्धा नाही.

मग रकाने.
फ्रेम नंबर हवाच, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी एकेक सायकल उलटी करते,
पेडलच्या दांड्याखाली जिथं नळ्या एकत्र येतात
तिथला चिखल चमच्यानं खरवडते, आकडे वाचते.
मला ते सोपं जातं.
अकरा वर्षांपूर्वी सोंगानीच्या बाजारात
नवऱ्याची सायकल गेली, त्याच्या पोटापाण्याची,
तेव्हापासून उभी दिसेल त्या सायकलखाली
मी वाकून बघते. लग्नातही. एकदा दफनभूमीतही.
त्यानं खिळ्यानं तिथं माझं अक्षर ठोकलं होतं,
जरा तिरकं.

एकोणिसावी, हिरवी.
आकड्यांच्या जागी कानशीचे ओरखडे.
नीट, सावकाश, वेळ काढून घासलेले.
माझं अक्षर नाही. कुणाचंच नाही.

लिंबिकानी म्हणतो, काहीही टाक. शून्य टाक.
बिलासकट घेतलीय मी.
बिल दाखव.
तो खिसे चाचपतो, दोन्ही, मग शर्टाचाही.

स्क्रीनवर रेघ लुकलुकते.
रिकामा रकाना ती घेत नाही,
आणि आम्ही तिघं एखाद्या भुकेल्या पोरासमोर बसावं
तसे तिच्यासमोर बसलोय.
अजून एक रकाना वाढव, मी म्हणते.
आधीचा मालक.
त्याचा भाड्याशी काय संबंध?
काही नाही.
पैसे पडतात का रकान्याचे?
नाही, तियामिके म्हणते. पैसे नाही पडत.
आणि माझ्याकडे न बघता टाइप करते.

बाहेर घंटी वाजते.
सिमेंटच्या कारखान्यातला पोरगा, घाईत,
आईला दवाखान्यातून आणायचीय,
मागचं कॅरियर मजबूत हवं. हिरवी द्या, तो म्हणतो,
तीच बरी चालते.
बरी चालते हे मला माहीत आहे.
त्याला निळी देते. कॅरियरला दोरी बांधून देते,
पैसे परत आल्यावर.

भिंतीवर एक रेघ.
पुठ्ठ्यावर सव्वीस खोडून पंचवीस.
लिंबिकानी काही बोलत नाही,
हिरवीच्या चाकातली हवा
उगाचच दाबून बघतो.
तीन वाजले. वीज गेली.
बॅटरी सत्तेचाळीस टक्के,
अजून सात सायकली उलट्या करायच्यात.